आक्कांची ओळ

आक्कांची छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. पुरुषी, लाकडी मुठीची, काळ्या कापडाची ती छत्री कायम मिटलेली आणि कायम त्यांच्या काखेत असे. पाऊस आला की आक्का डोक्यावर पदर घेऊन भिजत यायच्या आणि छत्री भिजू नये म्हणून तिच्यावरही पदराचं एक टोक घालायच्या. नवख्या माणसाने विचारलं तर सांगायच्या, "उघडली की काड्या सैल हुत्यात. माप बदलतं."

आमच्या ख्रिस्ती देवळामागच्या स्मशानात दोन कबरींमध्ये किती जागा सोडायची, ते त्या छत्रीने ठरत असे. छत्री उघडल्याने तिची लांबी बदलत नाही, हे मी त्यांना एकदा फूटपट्टी लावून दाखवलं होतं. त्यांनी फूटपट्टी हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "ही रेल्वेची हाय न्हवं? मग हिचं काय खरं न्हाय."

मी होटगी जंक्शनवर मालबाबू, मालगाड्यांच्या हिशेबाचा कारकून. गाव तिथून चालत जाण्यासारखं. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून आमचं घर या मंडळीत आहे. मी आकडेमोडीत बरा आणि बोलण्यात रोखठोक, म्हणून मंडळीने मला लवकरच पंचांत घेतलं आणि देवळाची डागडुजी, कुंपण, स्मशान ही कामं माझ्याकडे दिली. निदान तसं मला सांगण्यात आलं. स्मशानाचा कारभार आक्कांकडे आहे आणि तो त्यांना कोणी दिलेला नाही, त्यांनी तो घेतलेला आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. बाभळीचा एक फांदा वाटेत येत होता, तो मी तोडायला लावला. दुसऱ्या दिवशी आक्का जंक्शनवर मालधक्क्यापर्यंत चालत आल्या. पोती उतरत होती, हमाल ओरडत होते. त्या सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "बाबू, तो फांदा तुज्या बाचा व्हता का?"

"वाटेत येत होता आक्का."

"कुनाच्या वाटेत? तितं जाणारी सगळी आडवी जात्यात."

हमाल हसले. मीही हसलो. त्यानंतर स्मशानातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय मी केलं नाही.

आक्का बायबलबाई होत्या. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं आणि जमलं तर वाचायला शिकवायचं, हे त्यांचं मिशनने नेमून दिलेलं काम. ते त्यांनी चोख केलं. माझ्या बायकोला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. पण त्यांचा जीव स्मशानात होता. पाहुणा गावात आला की चहा होण्याआधी त्या त्याला तिथे घेऊन जायच्या. माणसांच्या ओळखी करून द्याव्यात तशा त्या कबरींच्या ओळखी करून देत. दाराशी दोन दगडी कबरी आहेत, त्या रेल्वेचा रस्ता पडत होता त्या काळातल्या गोऱ्यांच्या. "हे दोघं सायेब. एकमेकांशी बोलत न्हवते म्हणं. आता बसलेत गप." पुढे कडुलिंबाखाली पटकीने गेलेल्या मडमची कबर, पांढऱ्या दगडाची. "ही लई चांगली. पर भाजीत मीठ घालायची न्हाय." त्यापलीकडे गवताची एक लांब पट्टी आहे. तिथे मात्र त्या काही बोलत नसत. छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेत आणि पुढे जात.

त्या पट्टीखाली चर आहे. मोठ्या दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेली आणि तरी न जगलेली मुलं त्या चरात पुरलेली आहेत. कोण कुठे, किती, काही माहीत नाही. आक्का त्याच दुष्काळात तिथे आल्या होत्या आणि जगल्या. आईबाप कोण, गाव कोणतं, जात कोणती, हे त्यांना सांगता येत नव्हतं. बोलण्याचं वय नव्हतं. नाव मिशनने दिलं. कोणी खोदून विचारलं, "आक्का, तुमचं मूळ कुठलं?" की त्या शांतपणे सांगायच्या, "चरातलं."

आता ओळीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण आक्का म्हणजे ती ओळच.

आमच्या मंडळीत महारवाड्यातून आलेली घरं होती आणि मांगवाड्यातून आलेली घरं होती. रविवारी सगळे एका छपराखाली बसत, प्रभुभोजनाची भाकर एका ताटातली घेत. पण मेल्यावर पुन्हा वेगळे होत. स्मशानाच्या मधून बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. अलीकडे आमची माणसं, पलीकडे त्यांची. माझं घर महारवाड्यातलं. हे असंच असतं असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. आक्कांनी याविरुद्ध कधी भाषण केलं नाही. एका हिवाळ्यात त्यांनी ते कुंपण स्वतःच्या चुलीत जाळलं. रोज संध्याकाळी थोडे काटे ओढून न्यायच्या. पंचांनी जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, "थंडी लई हाय की यंदा." उन्हाळ्यापर्यंत कुंपण संपलं. मग पहिला जो माणूस गेला, त्याची कबर त्यांनी मोकळ्या जागेच्या अगदी कोपऱ्यात घ्यायला लावली. दुसरा गेला, त्याची छत्रीचं अंतर सोडून त्याच्या शेजारी. तिसरा त्याच्या शेजारी. दोरी लावून, सरळ. ओळ भरली की मागे दुसरी ओळ. जो आधी गेला तो आधी, जो मागून गेला तो मागून. कोणाचा कोण, कुठल्या वाड्यातला, किती शिकलेला, काही नाही.

यात नुसतं समतेचं तत्त्व नव्हतं. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती बसते. मातीचा उंचवटा दोन-तीन पावसाळ्यांत सपाट होतो. दगड लावण्याची ऐपत बहुतेकांची नाही. मग आपला माणूस कुठे आहे हे कळायचं कसं? आक्कांनी त्याला उपाय काढला तो हा. ओळ सरळ आणि क्रम ठरलेला असला की नावं पाढ्यासारखी पाठ होतात. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी झेंडूची फुलं घेऊन तिथे जमायची आणि आक्का ओळीच्या तोंडाशी उभ्या राहून एकेक नाव घेत चालायच्या. नाव आलं की त्या घरची माणसं तिथे फुलं ठेवत. कोणी नसेल तर आक्काच आपल्या ओटीतली ठेवत. त्यांच्याकडे कागद नव्हता. मध्येच बोट दाखवून "हा कोण?" असं विचारलं तर मात्र त्यांना सांगता येत नसे. त्या चिडायच्या. "मदीच कसं सांगू? थांब." मग ओळीच्या सुरुवातीला जाऊन तिथून नावं घेत यायच्या.

"म्हणून म्हणते," त्या मला सांगायच्या, "एक माणूस इकडचा तिकडं घातला की त्याच्या फुडचं समदं चुकलं. वळ मोडली की माणूस हरवला. एक चर बास झाला."

खड्डा खणून झाला की त्या स्वतः आत उतरायच्या. हे बघून नवखी माणसं घाबरत. आक्का खाली उतरून, पदर नीट करून, चक्क आडव्या व्हायच्या. वरून खणणारी पोरं बघत उभी. खालून आवाज यायचा, "कमरंला खडा लागतोय. काडा त्यो." मुरमाचा खडा काढला जायचा, पुन्हा माती सारखी व्हायची, पुन्हा आक्का आडव्या. पसंत पडलं की हात वर करायच्या आणि दोघे मिळून त्यांना ओढून बाहेर काढत. एकदा सोलापूरहून आलेले पाळकसाहेब हे पाहून अस्वस्थ झाले. मेलेल्याला खडे लागत नाहीत, आत्मा देवाकडे गेलेला असतो, असं त्यांनी समजावलं. आक्का म्हणाल्या, "आत्म्याचं तुमी बगा. पाठीचं मी बगते."

त्यांचा हट्ट सगळ्यांनाच सोसत नसे. माझे वडील गेले तेव्हा आईची इच्छा होती की आजोबांच्या जवळ जागा मिळावी. आक्कांनी नाही म्हटलं. आई त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. मी त्यांची बाजू घेतली नाही आणि आईचीही घेतली नाही. पण पहिल्या ईस्टरला वडिलांचं नाव त्यांच्या तोंडून क्रमाने आलं, आधी एक गवंडी, मग माझे वडील, मग एक विधवा. ते ऐकताना वाटलं की हे ठीक आहे. का ठीक आहे, हे त्या वेळी मला सांगता आलं नसतं.

ओळ मोडायचा सगळ्यात मोठा प्रसंग आला तो कंत्राटदारांच्या वडिलांच्या वेळी. हे कंत्राटदार आमच्यातलेच, रेल्वेचे छोटे पूल आणि मोऱ्या बांधायची कामं घेणारे. हातात पैसा, अंगात कोट, सोलापुरात घर. वडील गावीच राहत. ते उन्हाळ्यात वारले. देवळाची फरशी त्यांनी घातलेली होती, हे खरं आहे. पेटी बैलगाडीतून आली, पाळकसाहेब आले, मंडळी जमली. ओळीतला खड्डा सकाळपासून तयार होता. कंत्राटदार तिकडे न वळता कडुलिंबाखाली, मडमच्या कबरीपाशी जाऊन उभे राहिले.

"आक्का, वडिलांनी मंडळीसाठी आयुष्यभर केलं. त्यांना इथं सावलीत जागा द्या. मडमच्या शेजारी."

"मडमला इचारलंस?"

"थट्टा नको आक्का."

"थट्टा न्हाय बाबा. मडम गेली तवा वळ न्हवती. आता हाय. तुज्या बाच्या आदी कोण गेलं? हलगीवाल्याची म्हातारी. मग तुज्या बाची जागा तिच्या शेजारी. ह्यात मी काय करू?"

"तिच्या शेजारी?" ते हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

ती म्हातारी मांगवाड्यातली. तिचे दोन मुलगे तिथेच फावडी घेऊन उभे होते. खड्डा त्यांनीच खणला होता. दोघेही खाली मातीकडे पाहू लागले.

पाळकसाहेब पुढे झाले. "काहीतरी मधला मार्ग काढू या."

"काडा की," आक्का म्हणाल्या. "पर वळीत काडा."

"मग आम्ही सोलापूरला नेतो," कंत्राटदार म्हणाले.

"न्ये. गाडी कवा हाय बाबूला इचार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारल्यावर सांगणं भाग होतं. मी वेळ सांगितली. पण कोणी हललं नाही. पेटी गाडीतच, बैल सोडलेले, माणसं जिथे सावली मिळेल तिथे बसलेली. आक्का खड्ड्याच्या काठावर उन्हात उभ्या, छत्री मिटलेली. बराच वेळ असाच गेला. शेवटी गाडीच्या चाकाला टेकून बसलेली कंत्राटदारांची आई उठली.

"किती येळ बापाला उनात ठिवणार हायस रं?" ती मुलाला म्हणाली. "दुष्काळी कामावर ती म्हातारी आन् मी एका ढिगावर खडी फोडली. तिनं तिच्यातली अर्दी भाकर मला दिली. तुज्या बाला न्हाय दिली, म्हणली, ह्यो बसून ऱ्हातो. आता निजू दे तिच्या शेजारी. खाऊ दे बोलणी."

कोणीतरी फसकन हसलं आणि मग हसू आवरेना. कंत्राटदारही खाली मान घालून उभे होते, पण त्यांच्या खांद्यांवरून मला वाटलं की तेही हसत असावेत. पेटी उतरवली. म्हातारीच्या थोरल्या मुलाने पेटीला पुढून खांदा दिला.

ओळ टिकली ती अशी. पण आक्कांना तिच्यासाठी काय द्यावं लागलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांचा नवरा मिशनच्या बागेत माळी होता. फार कमी बोलायचा. त्याच्या वाटणीचं आक्काच बोलून टाकायच्या. दोघं संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसत, त्या बोलत आणि तो शेंगा सोलून त्यांच्या हातावर ठेवत असे. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत तो गेला. त्या दिवसांत एकाची माती होईतो दुसरा निरोप येत होता. त्याच्या आधी गावची सुईण गेली होती, त्याच्यानंतर दुसऱ्याच दिवशी जंक्शनवरचा रूळ बदलणारा सांधेवाला. कोणीतरी आक्कांना म्हणालं, माळ्याशेजारी एक जागा सोडू, तुमच्यासाठी. त्या म्हणाल्या, "मग उद्या दुसऱ्याला काय सांगू?" एका बाजूला सुईण, दुसऱ्या बाजूला सांधेवाला, मध्ये आक्कांचा नवरा. ती ओळ भरली. पुढे किती तरी ओळी भरल्या. ईस्टरला त्याचं नाव त्या इतरांसारखंच घेत, त्याच आवाजात, आणि थांबत नसत.

दोन वर्षांपूर्वी आक्का अंथरुणाला खिळल्या. देवळाच्या बाजूच्या खोलीत एकट्या राहत होत्या. बायका पाळीने भाकरी नेऊन देत. मी कामावरून सुटलो की डोकावायचो. एका दुपारी त्यांनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं. मला वाटलं मिशनबद्दल काही तक्रार असेल.

"बाबू, त्याच्या पायाशी थोडी जागा हाय," त्या म्हणाल्या.

"कोणाच्या?"

"माझ्या माळ्याच्या. त्या वळीत अन् मागल्या वळीत जरा अंतर जास्ती पडलंय. साथीचं दिस व्हते, दोरी सैल ऱ्हायली. मी मापून बगितलंय. आडवं घातलं तर माणूस मावतो. मी काय मोठी न्हाय. आखडून निजते."

ज्या बाईने माझ्या आईला नाही म्हटलं, भर उन्हात कंत्राटदाराला नाही म्हटलं, ती हे विचारत होती. जागा त्यांनी आधीच मोजून ठेवली होती. कधी मोजली असेल, हे विचारायचं धाडस झालं नाही.

"बघतो," मी म्हणालो.

"तू बगतो म्हणलास म्हंजी तुला करायचं न्हाय."

"तसं नाही आक्का. बघतो."

मी तडक स्मशानात गेलो आणि जागा पाहिली. त्यांचं माप बरोबर होतं. घरी आलो, जेवण गेलं नाही. बायकोने कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "मग घाला की तिथं. कोणाचं काय जातंय? सगळ्यांना रांगेत झोपवलं तिनं, तिला एकदा नवऱ्याच्या पायाशी झोपू द्या." मी दोन्ही बाजू मनात मांडून पाहिल्या. ओळ मोडली तर उद्या कोणालाही नाही म्हणण्याचं तोंड मंडळीला राहणार नाही, ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला एवढंच होतं की आयुष्यात या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. सकाळी उठलो तेव्हा माझं ठरलं होतं. कामावर जाण्याआधी मी हो म्हणायला त्यांच्या खोलीवर गेलो.

मी उंबऱ्यात असतानाच त्या म्हणाल्या, "काल बोलले ते तापात बोलले असं समज."

मी जवळ बसलो. "ताप होता का आक्का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाय," त्या म्हणाल्या. "ताप न्हवता. पर तू तसं समज."

"मी हो म्हणायला आलो होतो."

"म्हणून तर आदीच बोलले." मग म्हणाल्या, "तुजं तोंड बगून कळलं. तू लई मऊ हायस. हिशेबाच्या माणसानं असं मऊ ऱ्हाऊ न्हाय." आणि मग चहा पिऊन जा म्हणाल्या. चहा करायचं त्यांना होत नव्हतं, मीच केला. दोघांनी प्यायला. त्या विषयावर पुन्हा शब्द निघाला नाही. आठवड्याभरात आक्का गेल्या.

मी जंक्शनवर होतो. निरोप मिळून स्मशानात पोहोचलो तर कंत्राटदार कोट काढून उभे, आणि त्यांची माणसं माळ्याच्या पायाशी खणायला लागलेली. ती सैल जागा त्यांच्याही लक्षात आली होती, बांधकामाचा माणूस. भोवती जवळजवळ सगळी मंडळी होती आणि एकाचाही विरोध नव्हता. हलगीवाल्याच्या म्हातारीचा थोरला मुलगा स्वतः कुदळ मारत होता.

"थांबवा," मी म्हणालो. "ओळीत घ्यायचं."

"बाबू, आज तरी नको," कंत्राटदार म्हणाले. "सगळ्या मंडळीची इच्छा आहे. माझी सगळ्यात जास्त. ज्या बाईनं माझ्या बापाला एक बोट इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, तिच्यासाठी मी मागतोय."

"ओळीत."

"तुम्हाला काळीज आहे की नाही? का तिथंही नुसता जमाखर्च?"

मग त्यांनी विचारलं, "तिनं काही सांगितलं होतं का? तसं असेल तर बोला."

"होतं. ओळीत घाला म्हणून."

"कोणासमोर?"

"माझ्यासमोर. एकट्याच्या."

मी खोटं बोललो नाही, त्या सकाळच्या त्यांच्या बोलण्याचा अर्थ तोच होता. त्याआधीच्या दुपारचं काही कोणी विचारलं नव्हतं, आणि ते मी समजायचं कसं, हे मला सांगितलेलं होतं. कंत्राटदार माझ्याकडे बघत राहिले. त्यांची आई काठी टेकत मागून आली, तिने उकरलेली जागा पाहिली आणि मुलाला म्हणाली, "बुजव ते. बाबू बोलला म्हंजी ती तसंच बोलली असंल. दुसरं काय बोलणार ती कैदाशीण?" आणि तोंडाला पदर लावला.

उकरलेली माती कंत्राटदारांनी स्वतः पायाने लोटली. मग ओळीतला खड्डा खणला. खणून झाल्यावर सगळे काठावर उभे राहिले, आणि आपण कशाची वाट बघतोय हे कोणालाच कळेना. शेवटी कंत्राटदारांची आईच ओरडली, "आरं, उतरा की कुनीतरी! खडं हायत का बगा!"

कंत्राटदार उतरले. पांढऱ्या सदऱ्यात, काळ्या मातीत, ते पाठीवर आडवे झाले. थोड्या वेळाने खालून त्यांचा आवाज आला, "खांद्याखाली एक आहे." तो काढला. ते पुन्हा आडवे झाले आणि लवकर उठले नाहीत. मग त्यांनी हात वर केला.

त्यानंतर एक अशी गोष्ट झाली की जी आक्कांना मुळीच आवडली नसती. ओळीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा तिच्यावर डोळा होता. उघड कोणी बोलत नसे, पण कोणाला खोकला झाला की घरचे म्हणत, बघा, आक्काशेजारी नंबर लागतोय. कंत्राटदारांची आई तर सरळ म्हणायची, "आता मी उशीर करत न्हाय. न्हायतर दुसरं कुनी घुसंल." मडमच्या शेजारच्या सावलीचं नाव आता कोणी काढत नव्हतं.

ती जागा एका दिवसाच्या पोराला मिळाली. आईबाप गावात नवे होते, मोहोळकडून रेल्वेच्या मातीकामावर आलेले, मंडळीत येऊन दोन महिने झाले असतील नसतील. कोणाला त्यांची नावंही नीट माहीत नव्हती. क्रम त्या पोराचा होता. कंत्राटदारांच्या आईने कपाळावर हात मारला, "घ्या, गेली माजी जागा," आणि मग त्या बाळंतिणीला धरून ओळीपर्यंत तीच घेऊन आली.

खड्डा छोटाच होता. दोरी मी आणि कंत्राटदारांनी धरली. माती लोटायच्या आधी त्या पोराच्या आईने शेजारच्या उंचवट्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हितं कोण हाय?"

"आक्का," मी म्हणालो. "इथल्या बायबलबाई."

"चांगली व्हती का?"

चांगली म्हणजे काय, हे तिला थोडक्यात सांगणं मला जमेना. "फार कडक होत्या," मी म्हणालो.

ती जरा घाबरली. "लेकरू रडलं तर बगंल का त्याच्याकडं?"

जे मी पाहिलेलं नाही, पडताळलेलं नाही, ते मी सांगत नाही. घरात नाही, कचेरीत नाही, देवळातही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

"बघतील," मी म्हणालो.